नव्या तारेचे जुने वस्त्र

नव्या वस्तूला जुन्याचे रूप देणे हा असत्याचा एक प्रकार आहे काय, असा प्रश्न मी या लेखात विचारणार आहे. प्रश्न ऐकून कुणी हसेल. ज्या जगात माणसे मोठमोठी असत्ये पचवून ढेकरही देत नाहीत, तेथे असल्या बारीक गोष्टीचा काथ्याकूट कशाला, असेही कुणी म्हणेल. पण मोठे असत्य ओळखायला फारसा विचार लागत नाही. लागते ती हिंमत. उलट लहान प्रश्नांत खरे कोठे संपते आणि खोटे कोठे सुरू होते हे चटकन दिसत नाही. म्हणून विचाराला खरे काम तेथेच असते. मला हा प्रश्न एका जीपगाडीच्या वायरिंगने घातला.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला माझे एक स्नेही शेती करतात. त्यांच्या वडिलांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक जीप विकत घेतली होती. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या काही आपल्या देशातच राहिल्या आणि 'डिस्पोजलचा माल' म्हणून विकल्या गेल्या. पुढे 1949 पासून महिंद्रांनी मुंबईत नव्या जीपांची जोडणी सुरू केली. ही गाडी मात्र त्या आधीची, खास युद्धातली. लढाईसाठी जन्मलेल्या या गाडीने वऱ्हाडच्या काळ्या मातीत सरकीची पोती वाहिली, अडलेल्या बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या आणि गावातल्या कित्येक नवरदेवांना मांडवापर्यंत नेले. नंतर ती गोठ्याशेजारच्या छपरात पंचवीस-तीस वर्षे उभी राहिली. इंजिन दुरुस्त होण्यासारखे होते. पण तारांचा पार चोथा झाला होता. वैशाखातले ऊन आणि बारमाही उंदीर यांच्यापुढे रबर टिकत नाही.

मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले आणि फावल्या वेळी रेडिओ, डायनमो असल्या वस्तू उघडून पाहिल्या. त्यामुळे हे काम माझ्याकडे आले. माझ्या स्नेह्यांचे धाकटे बंधू पुण्यास असतात. त्यांची अट एकच होती : "सर, तारा नव्या घाला, पण त्या नव्या आहेत हे कुणाला ओळखू येता कामा नये."

येथे थोडा तपशील सांगणे अवश्य आहे. त्या काळच्या मोटारींतील तांब्याच्या तारेवर रबराचे आवरण असे आणि रबरावर सुताची वीण असून तिला लाखेसारख्या द्रव्याचा हात दिलेला असे. या विणीत वेगळ्या रंगाचा एखादा धागा घालीत. काळ्या तारेत तांबडा, पिवळ्या तारेत काळा. त्या धाग्यावरून कोणती तार दिव्याची, कोणती डायनमोची हे कळे. आज प्लॅस्टिकचे आवरण रबराहून कितीतरी टिकाऊ आहे. तेव्हा जुन्या मोटारींच्या शौकिनांसाठी अशी तार बनवतात की आत आधुनिक प्लॅस्टिक आणि वर जुन्यासारखी सुती वीण. वीज अडवण्याचे सगळे काम आतले प्लॅस्टिक करते. वरचे सूत केवळ दिसण्यापुरते. हे मी माझ्या स्नेह्यांना समजावून सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजे इथंबी कापूस दिखाव्यालेच राह्यला, सर." ज्याच्या तीन पिढ्या कापसावर जगल्या आणि कापसापायीच कर्जात गेल्या, त्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य मी विनोद म्हणून ऐकू शकलो नाही.

गाडीचे वस्त्र जुने आणि देह नवा, अशी ही स्थिती. गीतेने देहान्तर समजावून देण्यासाठी जीर्ण वस्त्रे टाकून नवी धारण करणाऱ्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. येथे सगळे उलटे झाले. येथे वस्त्र राखायचे आणि आतला प्राणवाहक पदार्थ बदलायचा. मग गाडी तीच राहते काय? हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीकांनी तो थिसियसच्या नौकेविषयी विचारला : एकेक फळी बदलत सगळी नौका बदलली, तर ती तीच नौका का? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतो की, तू रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय. आस, चाके, की दांडी? यांपैकी एकेक गोष्ट रथ नव्हे, आणि या सगळ्यांहून वेगळा असा रथही कोठे सापडत नाही. 'रथ' हे त्या सगळ्यांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे.

नागसेनाचे उत्तर मला पटते. पण त्याने माझी अडचण सुटली नाही. नाव हा व्यवहार असेल, तर तो व्यवहार कोण ठरवतो? आपल्या सरकारने 2021 साली जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. या व्याख्येत तारांचे नाव नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी सगळ्या तारा बदलल्या तरी गाडी तीच. कायद्याचे काम तेवढ्यावर भागते. माणसाच्या मनाचे भागत नाही. माझ्या स्नेह्यांनी काढून टाकलेल्या जुन्या तारांचा गुंडाळा पोत्यात भरून माळ्यावर ठेवला. "बाबाचा हात लागेल हाय त्याले," एवढेच ते म्हणाले. नागसेनाला मी विचारले असते : भन्ते, तो गुंडाळा कोणत्या नावाने हाक मारावा?

दुसरी अडचण अशी की, जुने राखायचे म्हटले, तर कोणते जुने? अमेरिकेत 'हॉट रॉड' नावाचा एक प्रकार आहे. जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या घेऊन तिथल्या तरुणांनी त्यांचे मडगार्ड, टप वगैरे काढून टाकले, आत जोमदार इंजिने बसवली आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या सरोवरांवर त्या पळवल्या. आज त्या मोडतोड केलेल्या गाड्याच ऐतिहासिक झाल्या आहेत, आणि त्यांचे वायरिंग करताना लोक त्या काळासारखी बटणे आणि सुती तारा शोधतात. म्हणजे मूळ रूप बिघडवण्याचा जो क्षण, तोच येथे मूळ ठरला! कारखान्यातून निघालेली गाडी आता कुणाला नको आहे. कुणा अनाम पोराने आपल्या हौसेने केलेली गाडी हवी आहे.

आमच्या जीपचेही तसेच होते. तिच्या मूळ दिव्यांच्या बटणाला एक अडसर असे. युद्धात शत्रूच्या विमानाला उजेड दिसू नये म्हणून झाकलेले मंद दिवे लावीत. चुकून हात जाऊन मोठे दिवे लागू नयेत म्हणून तो अडसर. वडिलांनी ते बटण केव्हाच काढून फेकले होते आणि त्याच्या जागी घरातल्या दिव्याचे काळे, बेकेलाइटचे बटण बसवले होते. रात्री रानडुकरे हाकण्यासाठी त्यांनी एक जादा दिवाही लावला होता. धाकट्या बंधूंचा आग्रह होता की हे 'खेडवळ' बटण काढून युद्धकालीन नमुन्याचे नवे बटण घालावे. असे बटण मिळतेही. परंतु विचार करा : ते बटण 1940 च्या दशकातले दिसले असते, पण या गाडीच्या आयुष्याशी त्याचा संबंध नसता, आणि जे बटण या गाडीला पन्नास वर्षे उजेड देत होते, ते केवळ कारखान्याच्या चित्रात नाही म्हणून कचऱ्यात गेले असते. सामान्य भूतकाळाला निष्ठा वाहण्यासाठी विशिष्ट भूतकाळाचा बळी द्यावा, हे मला न्याय्य वाटले नाही. जुनेपण ही काही एका कॅटलॉगची मालमत्ता नव्हे. ज्याने वस्तू वापरली, त्याचाही तिच्या इतिहासावर हक्क आहे. काळे बटण मी राहू दिले. वडीलबंधूंना ते हवेच होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सुती वीण घातलेली नवी तार खोटी आहे काय? मराठी भाषेने येथे मला मोठी मदत केली. आपल्याकडे 'सोंग' आणि 'ढोंग' असे दोन शब्द आहेत. दंडारीत कुणी रावणाचे सोंग घेतो. बहुरूपी फौजदाराचा वेष करून दारात येतो, घरच्या माणसांना दरडावतो, आणि आपण हसून त्याच्या हातावर पैसे ठेवतो. सोंगात फसवणूक नाही, कारण सोंग आहे हे उभयतांना ठाऊक असते. किंबहुना ते ठाऊक असण्यातच त्याची गोडी आहे. ढोंग मात्र समोरच्याला ठाऊक नसेल तेवढाच वेळ टिकते. दोहोंचा वेष एकच असू शकतो. फरक वेषात नसून पाहणाराच्या ज्ञानात असतो. या कसोटीने, गाडीच्या मालकाला, मेकॅनिकला आणि विचारणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेली सुती तार हे सोंग होय. तिच्यात पाप नाही.

याला एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. रफूगाराची कीर्ती रफू न दिसण्यात असते. शालीवरचा फाटका भाग कोठे होता हे ओळखू आले, तर कारागीर हरला. मग 'कुणाला ओळखू येता कामा नये' या मागणीत वाईट काय? ती तर कौशल्याची मागणी आहे. हे खरे आहे. रफू ही लबाडी नव्हे. आणि रफू केलेली शाल 'कोरी आहे' म्हणून कुणी विकली, तर खोटेपणा त्या विक्रीत आहे, टाक्यात नाही, असेही म्हणता येईल. या युक्तिवादाने कारागीर मोकळा होतो. माझे एवढेच म्हणणे आहे की, तो जरा जास्तच सहज मोकळा होतो. विक्री कशी होणार हे ज्याला आधी ठाऊक आहे, त्याला 'मी फक्त टाके घातले' असे म्हणता येणार नाही. आणि मला ठाऊक होते. धाकट्या बंधूंनी मुंबईतला एक शौकीन गाठला होता, आणि गाडीचे वायरिंग मुळातले आहे असे त्याला सांगायचे ठरत होते. हा पैसा चैनीसाठी नव्हता. थोरल्या बंधूंच्या नातीला शिकायला पाठवायचे होते आणि सोसायटीचे कर्ज थकले होते.

स्थापत्याच्या क्षेत्रात हा वाद पूर्वीच होऊन गेला आहे. 1964 साली व्हेनिस येथे जमलेल्या तज्ज्ञांनी प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी एक सनद तयार केली. तिच्यात म्हटले आहे की, नाहीशा झालेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकूण रूपाशी सुसंगत असावा, पण तो मूळ भागाहून वेगळा ओळखूही यावा. नाहीतर दुरुस्तीच इतिहासाचा खोटा पुरावा बनते. आपल्याकडे जीर्णोद्धाराची परंपरा निराळी. अहिल्याबाईंनी काशीला विश्वेश्वराचे मंदिर नव्याने उभारले, तेव्हा ते जुने दिसावे असा प्रश्नच नव्हता. देव तोच होता, एवढे पुरे होते. जपानात इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात आणि ते प्राचीनच मानतात. या दोन दृष्टींत वरवर विरोध दिसतो. पण दोहोंत एक गोष्ट समान आहे. व्हेनिसच्या सनदेला नवे लपवायचे नाही, आणि इसेच्या पुजाऱ्यालाही नवे लपवायचे नाही. एक नवेपणाची खूण ठेवतो. दुसरा नवेपणाचा उत्सव करतो. लपवण्याची गरज फक्त बाजाराला पडते.

सोंग आणि ढोंग यांच्या भेदात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सोंग घेणारा आणि पाहणारा दोघेही समोर असेपर्यंत सोंग हे सोंग असते. पण वस्तू माणसांहून अधिक जगतात. आज मला ठाऊक आहे की या तारेत प्लॅस्टिक आहे. उद्या मी नसेन, मालक नसेल, आणि गाडी तिसऱ्याच्या अंगणात असेल. त्या दिवशी कुणीही खोटे न बोलता, आजचे निरागस सोंग आपोआप ढोंग होईल. म्हणून वस्तूच्या बाबतीत केवळ आपला हेतू शुद्ध असून भागत नाही. आपल्या पश्चात ती काय बोलेल याचीही तजवीज करावी लागते.

आणि हा प्रश्न नुसत्या इतिहासाचा नाही. समजा, 45 वॅटचे दोन दिवे आहेत. 12 व्होल्टच्या गाडीत त्यांना साडेसात अँपिअर वीज लागते. या जीपसारख्या 6 व्होल्टच्या गाडीत पंधरा. विजेचा दाब निम्मा, म्हणून प्रवाह दुप्पट. आणि प्रवाह दुप्पट म्हणून तार जाड हवी. सुती वस्त्राखाली तार जाड आहे की बारीक हे बाहेरून कळत नाही. कुणी दिसण्यावर भुलून बारीक तार घातली, तर ती तापेल आणि तिच्यावरचे सूत वातीसारखे पेटेल. तीच गोष्ट फ्यूजची. त्या काळच्या मोटारींत फ्यूजची फार काटकसर असे. फोर्डच्या सुप्रसिद्ध 'मॉडेल ए' गाडीत तर तो मुळात नव्हताच. मूळ रूपाला निष्ठा म्हणून फ्यूज गाळणे हा शुद्ध अडाणीपणा ठरेल. पूर्वजांचे अज्ञान ही जपण्याची वस्तू नव्हे. मी जाड तार घातली आणि फ्यूजची एक पेटी डॅशबोर्डच्या मागे बसवली. ती नजरेस खुपत नाही, पण वाकून पाहणाराला सापडते.

रात्री-अपरात्री आर्णीच्या रस्त्यावर ही गाडी बंद पडली, तर कुणी अनोळखी वायरिंगवाला बॅटरीच्या उजेडात तिचे बॉनेट उघडील. तो मला ओळखत नसेल, मालकालाही ओळखत नसेल. त्याचा विश्वास फक्त तारेतल्या रंगीत धाग्यावर असेल. तांबड्या धाग्याची तार दिव्याची असेल, असे समजून तो तिला हात घालील. तो धागा म्हणजे मी त्याला दिलेला शब्द आहे. नीतीचा विचार करताना आपण नेहमी समोरच्या माणसाचा विचार करतो : विकणारा, घेणारा, भाऊ, शेजारी. ज्याचा चेहरा आपण कधीच पाहणार नाही, त्याच्याशी खरे वागणे ही नीतीची अधिक कठीण परीक्षा होय. कारण तेथे लाजही आड येत नाही आणि शाबासकीही मिळत नाही.

म्हणून मी एकच अट घातली. तारांचा पूर्ण नकाशा कागदावर काढायचा. कोणती तार नवी, तिच्यात काय आहे, फ्यूज कोठे आहे आणि काम कोणत्या वर्षी झाले, हे सगळे मराठीत व इंग्रजीत लिहून फ्यूजच्या पेटीच्या झाकणात चिकटवायचे, आणि त्याची प्रत घेणाऱ्याला द्यायची. धाकट्या बंधूंना हे रुचले नाही. "सर, तुमचा कागद आम्हाला लाखाला पडेल," असे ते म्हणाले. थोरले बंधू बराच वेळ बसून राहिले. अखेर म्हणाले, "लिहा, सर. पन बाबानं लावलेलं काळं बटनही लिहा त्याच्यात." गाडी विकली गेली. घेणाऱ्याने कागद वाचला आणि भाव उतरवला.

या ठिकाणी माझ्या सगळ्या विवेचनाची एक बाजू उघडी पडते, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. सत्याचा आग्रह माझा होता. त्याची किंमत दुसऱ्याने दिली. निवृत्तिवेतन घेणाऱ्या मास्तराला खरेपणा स्वस्त पडतो. कर्जदार शेतकऱ्याला तो महाग पडतो. ज्या कापसाचा भाव ठरवताना त्याला कुणी विचारीत नाही, त्या बाजारात त्याने मात्र आपल्या गाडीची प्रत्येक तार उलगडून दाखवावी, ही अपेक्षा एकांगी आहे, असे कुणी म्हटले, तर मी त्याला खोडून काढणार नाही. एवढेच म्हणेन की, किंमत गरिबाने दिली म्हणून खोटे खरे होत नाही. परंतु किंमत गरिबाने दिली म्हणून माझ्यासारख्याला आपल्या खरेपणाचा तोरा मिरवण्याचा अधिकारही उरत नाही. सत्य सांगण्याचा निर्णय अखेर थोरल्या बंधूंनी घेतला. कागदावर अक्षर माझे आहे. त्यातले सत्य त्यांचे.

तेव्हा माझे उत्तर असे आहे. नव्या तारेने जुने वस्त्र नेसण्यात असत्य नाही. रूप हे माणसाच्या आठवणीचे घर असते, आणि त्या घराची डागडुजी करणे हे सत्कृत्यच आहे. असत्य सुरू होते ते विचारणाऱ्याची वाट बुजवण्यापासून. वस्तू कितीही जुनी दिसो, 'तुझ्यात नवे काय आहे?' असे कुणी विचारले, तर उत्तर मिळेल अशी एक जागा तिच्यात ठेवलेली असावी. ती जागा चव्हाट्यावर नसली तरी चालेल. ती झाकणाआड असावी, पण त्या झाकणाला कुलूप नसावे.